डबा भरलेला का परत येतो?

(रौप्यमहोत्सवी गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा काय करणार! पण मी विषय बदलून मागितला. व्याजदर काय, पेपरात रोज येतात. आज मला घरातली एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या नातीची. तिला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, “सांगा आबा, पण तुम्ही मला काय म्हणायचात, तेही सांगा.”

मी तिला ‘ढब्बू’ म्हणायचो. लाडाने. जिन्यात, लिफ्टमध्ये, चारचौघांत. सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या वाढदिवसाच्या फोटोखाली मीच लिहिलं होतं, ‘आमची ढब्बू चौदा वर्षांची झाली.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला वाटलं, किती कौतुक होतंय.

पुढच्या काही महिन्यांत शाळेचा डबा भरलेला परत येऊ लागला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “भूक नव्हती.” आरतीला खाली येणं बंद. फोटो काढायची वेळ आली की ही आईच्या मागे. आम्ही म्हणालो, वय आहे, नखरे चालायचेच. मग एके दिवशी क्लासहून येताना चक्कर येऊन ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली. वर आणणाऱ्या शेजाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. पण औषधाच्या चिठ्ठीबरोबर त्यांनी समुपदेशकाचं नावही लिहून दिलं. त्या दिवसांत तिने सूनबाईला मोबाईलमधला एक फोटो दाखवला. चेहरा तिचाच, पण नाक बारीक, गाल आत गेलेले, रंग दोन छटा उजळ. फिल्टर लावला की आपोआप होतं म्हणे. मग तिने मला विचारलं, “आबा, ही छान आहे ना? मग मी अशी का नाही?” साऱ्या आयुष्यात इन्स्पेक्शनला घाबरलो नाही, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी जुना कारकून. विषय समजून घ्यायचा तर कागद वाचायचे, ही सवय. वाचलं. १९९५ च्या सुमारास फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात पहिल्यांदा टीव्ही आला. तिथे भरल्या अंगाचं कौतुक होतं. ॲन बेकर या अमेरिकन संशोधक डॉक्टरांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये सापडली नाही. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. अवघी तीन वर्षं! आणि तो टीव्ही लोकांनी मिळून बघायचा. आज प्रत्येकाच्या खिशात आणि उशाशी स्वतंत्र पडदा आहे, आणि जे जास्त वेळ पाहाल तेच तो पुन्हा पुन्हा पुढे करतो.

२०२१ साली इन्स्टाग्रामच्या कंपनीची अंतर्गत पाहणी अमेरिकेत वृत्तपत्रातून बाहेर आली. आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी सांगितलं होतं की, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. कंपनीचं म्हणणं असं की, त्याच पाहणीत अनेक मुलींनी फायदाही सांगितला. तेही खरं असेल. पण तीनातलं एक कर्ज बुडीत निघालं, तर कुठला मॅनेजर रात्री शांत झोपेल?

मला हे माझ्या भाषेत असं कळलं. प्रत्येकाच्या खतावणीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. मोबाईलवर दिसते ती दुसऱ्याची फक्त जमा बाजू, तीही रंगवून घेतलेली. आणि पोरं ती ताडून पाहतात आपल्या नावे बाजूशी. हा हिशेब कधी जुळेल का? मुलगेही यात आहेत बरं. जिममधले दंड पाहून आरशापुढे खट्टू होणारे आपल्याच सोसायटीत आहेत.

मात्र सगळं खापर मोबाईलवर फोडू नका. ‘गोरी, सडपातळ वधू पाहिजे’ या जाहिराती आपल्याच पिढीने दिल्या. गोरेपणाची क्रीम १९७५ पासून आपल्याच कपाटांत होती. “किती काळवंडलीस गं”, “काय रे, किती सुटलास” हे आपलं क्षेमकुशल! मोबाईलने जखम मोठी केली असेल. पण पहिला ओरखडा आपला असतो. माझ्या घरात तो माझा होता. मी नातीची माफी मागितली. ती काही बोलली नाही, फक्त माझा चष्मा पुसून दिला.

आज ती बरी आहे, पूर्ण नाही. समुपदेशन चालू आहे. डबा कधी रिकामा येतो, कधी अर्धा. अर्ध्यावर आता आम्ही ओरडत नाही.

माझ्या विनंत्या तीनच. एक, कुणाच्याही मुलाच्या वजनावर, रंगावर, मुरमांवर जिन्यात किंवा ग्रुपवर बोलू नका, लाडानेही नाही. दोन, जेवताना आणि रात्री झोपताना मोबाईल बाजूला. आणि हा नियम आजी-आजोबांनाही लागू. तीन, डबा परत येऊ लागला, मूल फोटो टाळू लागलं, खोलीत कोंडून घेऊ लागलं, तर ‘वय आहे’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नोटीस बोर्डावर मी तो लावून ठेवला आहे.

या स्मरणिकेत पहिल्या सत्यनारायणाचा फोटो छापला आहे. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातला हा बरा आलेला. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचं पोट पुढे, माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं. पंचवीस वर्षांत कुणी म्हणालं नाही की हा फोटो काढून टाका. उद्या महाप्रसादानंतर नवा ग्रुप फोटो आहे. फोटोग्राफरला सांगितलंय, चेहरे गुळगुळीत करू नकोस. नातीला मी या म्हटलं नाही, फक्त वेळ सांगितली आहे.



(ता. क. : फोटो मागील पानावर आहे. दुसऱ्या रांगेत, आईच्या मागे नव्हे, शेजारी.)