उसने रूप घेणारी खनिजे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





माझ्यासमोर या टेबलावर जी वस्तू ठेवली आहे ती लांबून तुम्हांला जळाऊ लाकडाचा तुकडा वाटेल. साल, रेषा, एके ठिकाणी गाठसुद्धा आहे. परंतु उचलून पाहिलात तर हात खाली जाईल. हे लाकूड नाही, दगड आहे. तो माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांसमोर सांगण्यास लाजू नये असे मला वाटते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलीने हा तुकडा वर्गात आणला. तिचे वडील ट्रकवर होते आणि सिरोंच्याच्या बाजूला खेपा करीत. तिकडून त्यांनी तो आणला. आईने सरपणात टाकला, चुलीत घातला, तर पेटेना. मुलगी मला म्हणाली, "सर, हे लाकूड होतं का कधी?" मी घाईत होतो. म्हणालो, "अगं, दगडच तो. लाकडासारखा दिसतो एवढंच." वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि त्या वर्षात तिने मला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

तिचा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर चुकीचे होते.

निसर्गात असे पुष्कळदा घडते की, एका पदार्थाची जागा दुसरा पदार्थ घेतो, पण आकार मात्र पहिल्याचाच राहतो. शास्त्रज्ञ अशा खनिजाला स्यूडोमॉर्फ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'खोटे रूप'. मला 'उसने रूप' हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण यात फसवणूक कोणाचीच नसते.

हे घडते कसे? समजा, मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या इमारतीची एक वीट काढली आणि लगेच त्याच जागी तेवढाच दगड बसवला. मग दुसरी वीट, मग तिसरी. शेवटी एकही वीट उरणार नाही, पण खिडक्या, कमानी, जिने जिथल्या तिथे असतील. सगळ्या विटा एकदम काढल्या असत्या तर इमारत कोसळली असती. खनिजांत हे काम पाणी करते. ते जुना पदार्थ विरघळवते आणि त्याच जागी, जवळपास त्याच वेगाने, नवा पदार्थ सोडून जाते.

पायराइट हे खनिज घ्या. लोह आणि गंधक यांचे संयुग. सोन्यासारखे पिवळे, त्यामुळे अनेकजण याला फसले. याचे स्फटिक फाशासारखे चौकोनी असतात. हवा आणि पाणी लागले की गंधक निघून जाते, लोह प्राणवायू व पाण्याशी संयोग पावते आणि तपकिरी गोएथाइट बनते. फासा मात्र तसाच, त्याच्या अंगावरच्या बारीक रेघांसकट! मग ओळखायचे कसे? चिनीमातीच्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, गोएथाइटची पिवळसर तपकिरी. पैशाचाही खर्च नाही. पालकांनी घरी मुलांकडून जरूर करवून घ्यावे.

कधी असे होते की एका स्फटिकावर दुसऱ्याचे पातळ कवच चढते आणि आतला स्फटिक विरघळून जातो. राहते ते पोकळ रूप. पाँपेई शहरात १८६३ साली फिओरेल्ली यांनी राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांच्या आकृती मिळवल्या, तसेच काहीसे. आणि दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातील कोरोकोरो येथे तर ॲरागोनाइटच्या सहा बाजूंच्या स्फटिकांची जागा चक्क तांब्याने घेतलेली आढळते.

आता लाकडाकडे येऊ. झाड पडले आणि उघड्यावर राहिले तर कुजते, वाळवी खाते. परंतु गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत लवकर गाडले गेले तर हवा लागत नाही. राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका असते. ती आधी लाकडाच्या पेशींच्या भिंतींवर बसते, पोकळ्या भरते, आणि हळूहळू भिंतींचीही जागा घेते. आपल्यापैकी अनेकांच्या बोटात अकीकची अंगठी आहे. तो अकीक आणि हे लाकूड, दोन्ही मुख्यतः सिलिकाच. म्हणूनच या तुकड्याने काचेवर ओरखडा उठतो. याला लाखो वर्षेच लागतात असेही नाही. जपानमध्ये ताटेयामा येथील गरम पाण्यात लाकडाचे तुकडे ठेवून पाहिले, तेव्हा ७ वर्षांत त्यांत भरपूर सिलिका शिरलेली आढळली.

अमेरिकेत ॲरिझोनात असे ओंडके सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे जैसलमेरजवळ अकल येथे, मध्य प्रदेशात घुघुआ येथे, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे आणि गडचिरोलीच्या सिरोंचा भागात ते आहेत. मोहगावच्या अवशेषांवर प्रा. बिरबल साहनी यांनी काम केले. लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला एप्रिल १९४९ मध्ये बसली, तिच्यात त्यांनी निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म बसवले होते. आठवडाभरातच ते वारले.

हा विषय परका आहे असेही समजू नका. इब्न सिना (९८०-१०३७) यांनी 'किताब अल्-शिफा' या ग्रंथात प्राणी आणि वनस्पती दगड कसे होत असतील याचा विचार केला होता. काही जागी जमिनीतच दगड बनवणारी शक्ती असावी असे त्यांचे अनुमान होते. कारण आज आपण वेगळे सांगतो, पण प्रश्न तोच, त्या मुलीचा.

पुस्तकेही चुकतात. 'टायगर आय' नावाचा रेशमासारखा चमकणारा खडा तुम्ही पाहिला असेल. त्यात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंची जागा क्वॉर्ट्झने घेतली, असे १८७३ पासून सांगत आले. उसन्या रूपाचे हेच उदाहरण कित्येक पुस्तकांत असे. २००३ साली हीनी आणि फिशर या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले की, खडकातील भेगा पुन्हा पुन्हा उघडत असताना दोन्ही खनिजे बरोबरच वाढली. म्हणजे जवळजवळ १३० वर्षे आपण पाठ केले ते तपासून कोणी पाहिलेच नव्हते.

माझेही तसेच झाले. पुढे काही वर्षांनी महाविद्यालयातल्या एका भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी हा तुकडा दाखवला. त्यांनी कागदाहून पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाले, "पाहा." एकेक पेशी दिसत होती. मी लगेच त्या मुलीची चौकशी केली. तिच्या वडिलांनी दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवले होते. मुलीचे शिक्षण पुढे चालू आहे की नाही, कोणाला ठाऊक नव्हते. पालकहो, तुमच्या घरात एखादी मुलगी असे काही उचलून आणत असेल तर तिला माझ्यासारखे उत्तर देऊ नका, एवढी विनंती करतो.

कार्यक्रम संपल्यावर हा तुकडा इथेच असेल. भिंगही आणले आहे. आधी मुलींनी यावे, मग मुलांनी. कापलेल्या बाजूकडून पाहा, तिकडे वर्तुळे स्पष्ट दिसतात.