स्वमग्नता, विलक्षण प्रतिभा आणि उत्क्रांती
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



‘ऑटिझम’ला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. शब्द सुबक आहे. परंतु मूल हट्टाने स्वतःत रमले आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ही भिन्नता आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन केले, तेव्हाच काहींच्या असामान्य स्मरणशक्तीचीही नोंद केली.

पुढे प्रत्येक स्वमग्न मुलात दैवी देणगी दडलेली असते, अशी समजूत रूढ झाली. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटाने ती जगभर नेली. त्यामागची प्रेरणा असलेले अमेरिकेतील किम पीक यांना हजारो पुस्तके मुखोद्गत होती. पण ते स्वमग्न नव्हते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टाच त्यांना जन्मतः नव्हता. एवढी स्मरणशक्ती असूनही सदऱ्याची बटणे लावायला त्यांना वडिलांची मदत लागे. कोणत्याही तारखेचा वार क्षणात सांगणे, एकदा ऐकलेली चाल वाजवणे, ही सामर्थ्ये काही स्वमग्न व्यक्तींत आढळतात, बहुसंख्यांत नाही.

संगणकयुगातील ही उत्क्रांतीची पुढची पायरी आहे, असेही आता म्हटले जाते. दिलासा देणारा हा विचार शास्त्राला धरून नाही. उत्क्रांतीला शिडी नसते, आणि नैसर्गिक निवडीला अनेक पिढ्या लागतात. संगणक घरोघरी येऊन एक-दोन पिढ्याच झाल्या. निदानाचे निकष विस्तारले, जाणीव वाढली, म्हणून नोंदींतील संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. माणसांच्या बुद्धीत वैविध्य असणे ही मात्र आपल्या जातीची जुनीच संपत्ती आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सुप्त गुण प्रकटण्याची वाट पाहण्यात मोलाची वर्षे निघून जातात. दीड वर्षाचे मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, तर विनाविलंब तपासणी करून घ्यावी. २०१३ साली आपल्या राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाच्या तपासणीची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण असून थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो.

आपल्या नाशिकने हा धडा पूर्वीच गिरवला आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली येथे मतिमंद मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ उभी केली, ती कुणाच्या अलौकिक प्रतिभेसाठी नव्हे. मुलाला स्वतःच्या हाताने जेवता यावे, तहान लागल्याचे सांगता यावे, रस्ता ओलांडता यावा, यासाठी अशा संस्था लागतात.

देणगीदारांना एवढीच विनंती: चमत्कार दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक अवश्य करा, परंतु ज्याच्यापाशी दाखवण्यासारखे काहीच नाही, त्याचा आपल्या मदतीवरील हक्क तसूभरही कमी मानू नका.