बारावीनंतरचा फॉर्म कोण भरतं?

(किहीम येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या मुलींनो, आधी पुढे येऊन बसा. बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

गेली काही वर्षं आमच्या गटातल्या आम्ही तिघीजणी किहीम, चोंढी, थळ या भागातल्या बारावीच्या मुलींना प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला समुपदेशन शिकवलं होतं, मुलीचं मन कसं तयार करायचं ते. इथे पाहिलं तर मुलीचं मन केव्हाचं तयार असतं. अडतं ते कागदापाशी. आणि कागद म्हणजे बहुतेक वेळा बापाचा कागद.

एका मुलीचं सांगते. तिच्या आईला नवऱ्याने टाकलेलं. मुलगी तीन वर्षांची असताना ती माहेरी आली, बंगल्यांवर झाडलोट, स्वयंपाक करून तिने मुलीला वाढवलं. मुलीला फार्मसीला जायचं होतं, सीईटीचे गुणही चांगले होते. समाज आगरी, म्हणजे ओबीसी. त्या जागेवर प्रवेश हवा तर जातीचा दाखला, त्याची वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर, तिन्ही लागतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो, आणि तो वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला. पोसलं आईने, मुलीची जात मात्र बापाच्या घरच्या पेटीत! आई सासरी गेली तेव्हा दिराने दारातच विचारलं, “हिस्सा मागायला आलीस काय?”

शेवटी कागद निघाला तो एका बाईकडूनच. मुलीच्या आजोबांची धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या पुढची. दुसरीत तिची शाळा सोडवली होती. पण ती शाळेत गेली होती, हे रजिस्टरात होतं, जातीसकट. “माझ्या शाळेचा कोणाला तरी उपयोग झाला,” म्हणाली, आणि आमच्याबरोबर एस.टी.त बसून मुख्याध्यापिकेकडे उतारा मागायला आली. वैधता मिळाली, मुदतीच्या दोन दिवस आधी. ती मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारने बंधनकारक केलं आहे. चांगलंच झालं. पण आई नावात आली, वंशावळीत आली नाही. हा प्रश्न आपल्याला संघटना म्हणून लावून धरावा लागेल.

दुसरी गोष्ट पैशाची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर माफी नाही. कोणी दलाल “सीट बघून देतो” म्हणाला तर हे आधी आठवा. आणि राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा खर्च उरतोच. पांढऱ्या कांद्याचे पैसे जूनपर्यंत हातात राहत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

त्यात प्रवेशाचा हंगाम भर पावसातला. तेव्हाच मांडवा–गेटवेच्या लाँच बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, पण तिचं तिकीट आपल्याला रोज परवडणारं नाही. उरतो तो पेण–वडखळवरून रस्ता. मुंबईचं कॉलेज नकाशावर समोर दिसतं, आणि एक कागद दाखवायला अख्खा दिवस मोडतो. मुलाला एकटं पाठवतात. मुलीबरोबर कोणीतरी जायचं, म्हणजे दोघांचा खाडा.

आता मोबाइलचं. अर्जाला जो नंबर देता, त्यावर ओटीपी येतो. नंबर भावाचा असतो, नाहीतर सायबरवाल्याचा. एका भावाने बहिणीला न विचारता पसंतीक्रमात घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं, आणि नेमकं तेच लागलं. पहिली पसंती लागली की तो प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तिला हवा तो अभ्यासक्रम तिथे नव्हताच. भाऊ वाईट नाही हो, त्याला काळजी वाटली. पण फॉर्म कोणाचा होता?

कोणीतरी मघाशी म्हणालं, डिग्रीने काय होतं, सलीम अलींकडे कुठे होती? खरं आहे. त्यांनी १९३० च्या सुमारास इथेच किहीमला सुगरणीची घरटी न्याहाळली. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणूनच त्यांना सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. त्यांच्या पाठीशी निदान राहायला सासरचं घर होतं. आपल्या मुलींचं सासरचं घर कशा कामी येतं, ते मघाशी सांगितलंच!

तेव्हा अकरावीतल्या मुलींनो, वैधतेसाठी निकालाची वाट बघू नका, कॉलेजचं पत्र आत्ताच मागा. स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घ्या, पासवर्ड वहीत लिहा आणि वही स्वतःकडे ठेवा. येत्या रविवारी दहा वाजता आम्ही इथेच बसणार आहोत. येताना शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणा. आणि घरात कोणी म्हातारी आत्या, आजी थोडीशीही शाळेत गेली असेल, तर तिलाही घेऊन या.