वाक्यातला ‘च’



आमच्या वेळणेश्वरात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा तास हाती येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ओटीवर बसून हा हिशेब मला शिकवला. पुढे मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं कळलं. भेटायला येणारी माणसं म्हणत, "समुद्राकडे बघावं. ओहोटीनंतर भरती येतेच." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, समुद्राला तिथी आहे, माझ्या आजाराला कुठाय?

हा आजार काय आहे ते थोडक्यात सांगते. आगरात पंपाकडे गेलेल्या वायरचं आवरण उंदराने कुरतडलं, तर पंप कधी नीट चालतो, कधी गचके देतो, कधी बंदच पडतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर असंच एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटते आणि तिथे कठीण चट्टे राहतात. चट्टा कुठे पडला त्यावर ठरतं, डोळा जाणार, पाय अडखळणार की लघवीवरचा ताबा सुटणार. आजार संसर्गजन्य नाही. बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सुरुवातीला बहुधा झटक्यांनी येतो, ओसरतो, पुन्हा येतो. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

माझी सुरुवात कुंकवाच्या करंड्यापासून झाली. एका सकाळी उजवा डोळा हलवला की दुखायचा, आणि त्या डोळ्याने पाहिलं तर करंड्यातलं कुंकू विटल्यासारखं दिसायचं. डावा डोळा उघडला की तेच लालभडक. दोन महिन्यांत डोळा सुधारला, मी विसरलेही. दीड वर्षाने डावा पाय जड झाला. पाखाडी चढताना चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंही नाही. एका डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाले, "तसं काही नाही. मनावर घेऊ नका." घरी आल्यावर शेजारच्या काकींनी विचारलं, "काय गो, देवाचं काही राहून गेलंय का?" दोघांचा हेतू चांगला होता. पण दुखणं पायाचं आणि खातं मनाच्या नावावर, असं झालं. शेवटी गुहागर, चिपळूण, तिथून रेल्वेने मुंबई. एमआरआयच्या फिल्मवर पांढरे ठिपके दिसले तेव्हा मी घाबरले, आणि खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं. निदान मी खोटी ठरले नव्हते.

पुढे वाचनात आलं की ही गल्लत जुनी आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या झां-मार्तिन शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराला वेगळी ओळख दिली. त्याच शार्कोंनी हिस्टेरियाचाही अभ्यास केला, आणि तो पाहायला 1885 साली तरुण सिग्मंड फ्रॉईड त्यांच्याकडे गेले होते. मज्जातंतूंचा हा विकार आणि मनाचं शास्त्र, दोन्ही वाटा एकाच रुग्णालयाच्या दारातून जातात. तरीही पुढे कित्येक वर्षं एमएस झालेल्या बायकांवर हिस्टेरियाचा शिक्का बसत राहिला.

निदान झाल्यावर लोकांचं वाक्य उलटलं. आता म्हणू लागले, "मन खंबीर ठेव, बरी होशील." म्हणजे पुढचा झटका आला तर माझं मन कमी पडलं म्हणायचं? तो आला. त्यानंतरचे चार महिने मी माजघरात भिंतीकडे तोंड करून काढले. आज मला ठाऊक आहे की या आजारात उदासीनता फार आढळते, आणि ती केवळ दुःखाची नसते. मेंदूतल्या चट्ट्यांचाही तिच्यात वाटा असतो. तिच्यावर उपचार आहेत. मी ते घेतले, आणि त्याची लाज वाटत नाही.

त्याच काळात कि. मो. फडके यांची पुस्तकं हाती आली. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडक्यांनी मराठीत आणली. मुद्दा साधा आहे. घटना आपल्याला जेवढा त्रास देते, तेवढाच त्रास तिच्याबद्दलचा आपला हट्टही देतो. इच्छा असावी, हट्ट नसावा. मी ते मराठीच्या शिक्षिकेसारखं वाचलं, कारण मी होतेच शिक्षिका. माझ्या लक्षात आलं, आपल्या भाषेत हा हट्ट एका अक्षरात मावतो. ‘च’.

मग मी एक उद्योग केला. दिवसभर मनात येणारी वाक्यं पाठकोऱ्या कागदावर लिहायची आणि संध्याकाळी त्यातले ‘च’ मोजायचे. "स्वयंपाक मीच केला पाहिजे." "उद्या पाय चाललाच पाहिजे." "काठी घेतली म्हणजे मी हरलेच." ‘च’ खोडून वाक्य पुन्हा वाचायचं. "उद्या पाय चालला तर बरं." आजार तेवढाच राहिला, पण या वाक्यासोबत रात्री झोप लागू लागली.

काठीचं वाक्य सर्वांत चिवट निघालं. महाशिवरात्रीच्या यात्रेत, भर गर्दीत माझा तोल गेला. घरी आल्यावर अण्णांनी न बोलता आपली वेताची काठी माझ्या खुर्चीला टेकवली. म्हणाले, "घे. मला दुसरी आहे." आता सासरे-सून दोघं काठी टेकत देवळात जातो. आणि एक गंमत झाली. काठी नव्हती तेव्हा पाखाडीवर मी गडग्याला टेकले की लोकांना वाटायचं, आळस आहे. काठी दिसल्यावर तेच लोक वाट देतात. काठीने पायाला आधार दिला, आणि माझ्या बाजूने साक्षही दिली. पण श्रोतेहो, प्रत्येकाच्या थकव्याला काठी नसते. या आजारातला थकवा झोपून उठलं तरी जात नाही आणि तो चेहऱ्यावर दिसत नाही.

उन्हाचा त्रासही असाच, न दिसणारा. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये नोंदवलं की अशा रुग्णांना श्रमानंतर काही काळ अंधुक दिसतं. कारण उष्णता, हे नंतर कळलं. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. एमआरआय येण्यापूर्वी रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदानाला मदत घेत. आमच्या न्हाणीघरातल्या कढत पाण्याचं सुख त्यामुळे मी सोडलं, दिवाळीचं अभ्यंगस्नानसुद्धा कोमट. एप्रिल-मेच्या दमट दुपारी डोळ्यापुढे धुकं येतं. पूर्वी वाटायचं, आला झटका. आता ओला पंचा मानेवर टाकून पडवीत बसते. अर्ध्या तासाने समोरची पोफळ पुन्हा स्पष्ट दिसते.

सगळे ‘च’ मात्र मी खोडलेले नाहीत. औषध वेळेवर घ्यायचंच. आजार मुळातून घालवणारं औषध अजून नाही, पण झटके कमी करणारी औषधं 1993 पासून आहेत आणि लवकर सुरू केलेली बरी. नवं लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांना कळवायचंच. दोन आठवडे काहीच नकोसं वाटत राहिलं तर बोलायचंच. घरी जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचाच. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते. आपल्यासारखं दुसरं माणूस भेटणं हाही एक उपचार आहे.

आणि घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी एक विनंती. आम्हाला रोज ऐकू येणारं वाक्य आहे, "दिसायला तर चांगलीच आहेस." त्यातला ‘च’ काढा. जमलं तर वाक्यही गाळा, आणि बसायला खुर्ची द्या.