घर बांधणारा नकार

कोणते वर्तन कशाने दृढ होते, याचा प्रयोगाने शोध घेणारे शास्त्र म्हणजे वर्तन-विश्लेषण. बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ मधील ग्रंथाने त्याचा पाया घातला. तथापि पुढे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम प्रांतांतील मानसशास्त्र-संमेलनांत या अभ्यासकांना निबंधवाचनास पुरेसा अवसर मिळेना. रुसून न बसता त्यांनी १९७४ साली आपली स्वतंत्र प्रादेशिक संस्था स्थापिली. समानधर्मी दूरदूरून येऊ लागले आणि प्रदेशाची वेस अपुरी पडली. काही वर्षांतच नावातील ‘मध्य-पश्चिम’ हा शब्द गळाला. कालांतराने संस्था आंतरराष्ट्रीय झाली. नकारातून हे घर उभे राहिले खरे. परंतु उद्याच्या नव्या विचाराला तेथे जागा मिळेल काय, हीच त्याची खरी कसोटी होय.