सेनिओच्या बांधावर मराठे



 पलटणींचा इतिहास छत्रपती संभाजीनगराला नवा नाही. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने 1857 च्या जूनमध्ये इथेच बंड केले. ‘छावणी’ हे नाव आजही इथल्या रोजच्या बोलण्यात आहे. या परिषदेचा विषय मात्र सातासमुद्रापलीकडचा : दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेली ब्रिटिशांची आठवी आर्मी.

माँटगोमेरी, लीज, मॅक्रीरी या तिच्या सेनापतींवर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले. पण तिच्यात चौथी, आठवी आणि दहावी या हिंदी डिव्हिजनही होत्या, आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी. मराठीत त्यांची नोंद फारच त्रोटक आहे, ही खंत बोलून दाखवायलाच हवी.

10 जुलै 1944. टायबर नदीचे वरचे खोरे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून ते शेवटच्या दोघांशी भिडले. तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले.

नऊ महिन्यांनी, 9 एप्रिल 1945 रोजी, सेनिओ नदी. दोन्ही काठांवर उंच बांध, बांधांत सुरुंग. संगमनेरजवळच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून सुखरूप आणले आणि मग तीन मशीनगन मोर्चे मोडले. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड हाती घेतले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत त्यांनी मागच्या कंपन्यांना हाताने खूण करून पुढे बोलावले.

दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या (3/5) पलटणीचे, जाधव पहिल्या (1/5) पलटणीचे. पहिल्या महायुद्धात 110 वी आणि 103 वी म्हणून याच दोन पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे 147 दिवस वेढ्यात होत्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने शरण गेल्या. अशा पलटणी तीस वर्षांच्या आत पुन्हा परदेशी आघाडीवर उभ्या राहिल्या. हा धागा मराठीत कुणीतरी नीट ओवायला हवा.

त्यासाठी साधने घरोघरी आहेत : पेन्शनची कागदपत्रे, पदके, लष्करी टपालाची पत्रे. ती कुणी सोबत आणली असतील, तर नोंदणी कक्षात द्यावीत. प्रत काढून मूळ कागद लगेच परत मिळेल.