सावधपणाचे शिक्षण



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते आखाड्यात नव्या मुलाला डाव शिकविण्याआधी पडायला शिकवीत. स्वसंरक्षणाच्या शिक्षणाचा आरंभ कोठून व्हावा, हे मला त्यातून उमगले.

ग्वाल्हेरीत हा विषय निघाला की फूलबागेतील समाधी डोळ्यांपुढे उभी राहते. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई याच भूमीवर धारातीर्थी पडल्या. त्यांच्या नावाने १९५७ साली या शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. राणीचा पराक्रम आपण गातो; परंतु बिठूरला वाढणाऱ्या मुलीला घोडा आणि तलवार शिकू देणाऱ्या मोरोपंत तांब्यांची आठवण क्वचितच काढतो. आज मला पालकांशीच बोलावयाचे आहे.

माझी मुलगी परगावी शिकत असताना एक इसम आठवडाभर तिच्या मागे येत असे. हे तिने आम्हांस चार वर्षांनी सांगितले. "तेव्हा सांगितले असते, तर तुम्ही माझे शिक्षण थांबवून मला घरी आणले असते," ती म्हणाली. ते खरेच होते. मी तिला कराटेच्या वर्गाला घातले होते. निर्भयपणे बोलता येईल असे घर मात्र दिले नव्हते.

म्हणून मुलांनो, प्रथम डोळे व कान उघडे ठेवण्यास शिका. अनोळखी ठिकाणी बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवा. रस्त्याने चालताना भ्रमणध्वनीत गुंगू नका. मनाला खटकले तर भिडेखातर थांबू नका. मोठ्याने ओरडा, गर्दीकडे धाव घ्या, ११२ क्रमांक फिरवा. निसटणे म्हणजे पराभव नव्हे. हात उचलणे हा अखेरचा उपाय आहे. भारतीय न्याय संहितेचे ३४वे कलम स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही.

हे शिक्षण केवळ मुलींचे नव्हे. वसतिगृहातील रॅगिंग मुलगेही मुकाट्याने सोसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार रॅगिंग न करण्याची लेखी हमी विद्यार्थ्याप्रमाणेच पालकांनाही द्यावी लागते. आपला मुलगा छळ सोसणारा असेल, तसा छळणाराही असू शकेल, हे त्या कागदावर सही करताना ध्यानी घ्यावे.

पालकहो, त्या हमीबरोबर आणखी एक हमी घरात द्या : "तू काहीही सांगितलेस तरी तुझे शिक्षण थांबणार नाही." हे वचन पाळले गेले, तरच मुले संकटात आपल्याला वेळेवर हाक मारतील.